माळ्यावरचा रंगीत एन्लार्जर पुन्हा कामाला लावताना

जुना रंगीत एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं यंत्र, हाती आला की बहुतेक जण दोन गोष्टी लगेच करतात: ओल्या फडक्याने पुसतात आणि प्लग लावून बघतात. कृपा करून दोन्ही करू नका. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बंद स्टुडिओच्या माळ्यावर असे कितीतरी पावसाळे काढलेल्या यंत्रात ओल मुरलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतल्या कागदाने तर ती हमखास धरलेली असते. अशा स्थितीत करंट दिलात तर जे वाचण्यासारखं होतं तेही जळेल.

मी फोंड्याला वायरमनचं काम करतो. एन्लार्जर हे माझं पोटापाण्याचं काम नव्हे, पण कोणी आणून दिला तर मला नाही म्हणवत. म्हापशा-मडगावकडच्या स्टुडिओंतून निघालेले आणि अंधारात पडून राहिलेले हे एन्लार्जर भंगारात जाताना मला बघवत नाहीत. बाहेरून कितीही कळकट दिसले तरी आतलं बांधकाम पुष्कळदा अजून दणकट असतं. बिघडलेली असते ती उजेडाची वाट. दिव्यापासून कागदापर्यंत उजेड ज्या वाटेने जातो ती आधी साफ करा. रंगरंगोटी शेवटी, आणि नाही केली तरी चालेल.

सुरुवात वाळवण्यापासून. लेन्स काढून बाजूला ठेवा. ट्रान्सफॉर्मर मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून आत ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, वर हवा जायला भोकं पाडा. बल्ब पुठ्ठ्याला टेकता कामा नये आणि घरात कोणी नसताना पेटता ठेवायचा नाही. दोन दिवस असं शेकलं की मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वेटोळं आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन बघा. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर अजून वाळवा. मेन वायर जुनी रबराची असेल तर तपासत बसू नका, सरळ बदला. तीन तारांची नवी घाला आणि हिरवी तार बॉडीला घट्ट स्क्रूने कसा.

मग सिरीज बोर्ड. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून ट्रान्सफॉर्मरला करंट द्या, हॅलोजन दिवा न लावता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर उत्तम. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, तो ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडे द्या. सगळं ठीक असेल तर बोर्ड काढून थेट करंटवर दुय्यम बाजूचा दाब (व्होल्टेज) मोजा. १२ व्होल्टच्या यंत्रात मोकळ्या अवस्थेत तो थोडा वर दिसेल, त्याची काळजी नको.

दिव्याबद्दल. इटलीतल्या ब्रिक्सनच्या ड्युर्स्ट कंपनीचा एम६०५ आणि त्या आकाराचे बरेच एन्लार्जर १२ व्होल्ट १०० वॅटचा, मागे आरसा असलेला हॅलोजन दिवा घेतात. त्याचा कोड ईएफपी, आणि पायांची जात जीझेड ६.३५. दुकानदार शोकेसचा ५० वॅटचा दिवा पुढे करेल, दिसायला तसाच असतो, पण त्याचे पाय वेगळे असतात. कोड लिहूनच न्या. दिव्याच्या आतल्या काचेला बोट लावू नका. घामाचं मीठ तापल्यावर काच पांढरी पडते आणि दिवा लवकर जातो. सॉकेटचे संपर्क काळे पडले असतील तर घासत बसण्यापेक्षा सॉकेटच बदला. सैल संपर्कावर ठिणगी पडत राहते आणि नवा दिवाही टिकत नाही.

आता डोकं, म्हणजे दिवा आणि फिल्टर असलेला वरचा भाग, उघडा. आपल्याकडे हवेच्या फटींत कुंभारणीने मातीचं घर केलेलं सापडतंच. ते लाकडी काडीने सुटं करा, माती खाली फिल्टरवर पडू देऊ नका. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कुठली बाजू वर होती तेही खडूने लिहा.

पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे तिन्ही फिल्टर डायक्रोइक असतात, म्हणजे काचेवर अतिशय पातळ थर चढवलेले. जिलेटिनच्या फिल्टरसारखे ते फिके पडत नाहीत. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे फिल्टरही आज रंग नीट देतात, फक्त ते ओरखडू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सच्या कागदावर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने हलकेच पुसा. अमोनियाचं काच-पुसणं नको. आणि डोक्याच्या आत गंज सोडवायचा स्प्रे कधीही मारू नका. त्याचे तुषार फिल्टरवर बसले की पुढची संध्याकाळ ते काढण्यात जाते. जाम झालेल्या दांड्यांना काडीच्या टोकावर जरासं लिथियम ग्रीस पुरतं. फिल्टर आत-बाहेर करायची चकती शून्यावर आणली की फिल्टर उजेडातून पूर्ण बाहेर सरकतो का, हे डोळ्यांनी बघा. थोडी कड आत राहिली तर प्रत्येक फोटोत तो रंग चोरून शिरेल.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो मिक्सिंग बॉक्सला. फिल्टर उजेडात अर्धवट शिरलेला असतो, म्हणजे तिथे उजेडाचा एक भाग रंगीत आणि एक भाग पांढरा असतो. ते दोन्ही या डबीत उलटसुलट आपटून एकजीव होतात आणि मग निगेटिव्हवर उतरतात. बऱ्याच डब्यांचं अस्तर थर्माकोलचं असतं. उष्णतेने आणि वयाने ते जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडतं, कोपरे भुगा होऊन गळतात. पिवळ्या अस्तराने सगळ्या उजेडाला पिवळट झाक येते, आणि कोपरा गळला की फोटोची तीच बाजू काळसर किंवा रंगीत दिसते. नव्या, घट्ट दाण्याच्या पांढऱ्या थर्माकोलचे तुकडे जुन्यांच्या मापाने धारदार ब्लेडने कापा. चिकटवायला फेव्हिकॉल चालतो, पण पंक्चरचं सोल्युशन थर्माकोल खाऊन टाकतं. खालचा दुधी ॲक्रिलिक पिवळा पडला असेल तर तोही नवा कापून घ्या. दिवा आणि डबी यांच्यामधली उष्णता शोषणारी काच परत जागेवर बसलीच पाहिजे. ती नसताना दिवा लावलात तर थर्माकोल वितळेल आणि निगेटिव्हही भाजेल.

भाता, म्हणजे लेन्स वर-खाली करताना उघडमीट होणारा घड्यांचा काळा भाग, बघायला रात्र बरी. खोली अंधारी करा, भात्यात छोटा टॉर्च घाला आणि घड्यांच्या कोपऱ्यांवर नजर ठेवा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं तिथेच असतात. काळ्या पातळ कापडाचं ठिगळ आणि पंक्चरचं सोल्युशन लावा, इथे ते उत्तम धरतं. आतला काळा रंग सुटला असेल तर फळ्याला देतात तो मॅट काळा रंग द्या.

लेन्सला बुरशी आपल्याकडे गृहीतच धरा. टॉर्च तिरका धरून आरपार पाहिलंत की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. वरवरची बुरशी अल्कोहोलने जाते. आतली असेल तर रिंग उघडायचा स्पॅनर लागतो, पक्कड चालत नाही. धागे पुसून गेल्यावरही काचेवर कोरल्यासारखी खूण राहिली तर लेन्स बदला. बहुतेक एन्लार्जरांना ३९ मिलिमीटर आट्याची लेन्स बसते, त्यामुळे दुसरी मिळते. ३५ मिलिमीटर फिल्मला ५० ची, ६ बाय ६ ला ७५ किंवा ८० ची घ्या.

सगळं जोडल्यावर लेव्हल धरा. फळी, निगेटिव्हची जागा आणि लेन्सची पाटी, तिन्ही एकमेकींना समांतर हव्यात. पावसात फळीचा प्लायवूड वाकतो, तेव्हा लेव्हल दोन्ही दिशांना फिरवून बघा. मग निगेटिव्ह न घालता, लेन्स एफ ८ वर ठेवून, मध्ये आणि चार कोपऱ्यांत उजेड मोजा. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे निगेटिव्हशिवायच एका कागदावर मध्यम करडा येईल इतका उजेड देऊन तो धुणं. डोळ्याला न दिसलेला फरक त्या करड्यावर लख्ख दिसतो. फिल्टरच्या चकत्यांवरचे आकडे कोडॅकच्या मोजणीचे असतील तर तिन्ही ३० वर आणा. उजेड साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, व्हायला हवा आणि रंग पांढराच राहायला हवा. झाक आली तर त्या फिल्टरचा दांडा पुन्हा बसवा.

स्टॅबिलायझरशिवाय रंगीत काम करू नका. दाब ५ टक्क्यांनी उतरला तर हॅलोजनचा उजेड १६ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि तांबूसही होतो. आमच्याकडे संध्याकाळी हे रोजचंच. टकटक आवाज करणारा रिले स्टॅबिलायझर मध्येच उडी मारतो, एक्स्पोजर चालू असताना ते घातक. सर्वोवाला, म्हणजे मोटरने दाब सावकाश सावरणारा, घ्या, महाग पडला तरी.

रंगीत कागद मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. कृष्णधवल मल्टिग्रेड कागदावर याच डोक्याचा पिवळा वाढवला की फोटो मऊ (कमी कॉन्ट्रास्टचा) येतो, मॅजेंटा वाढवला की कडक. रंगीत आरए-४ कागद आला की सायन शून्यावर ठेवून फक्त पिवळा आणि मॅजेंटा वापरा. फोटोत जो रंग जास्त दिसतो तोच फिल्टर वाढवायचा: पिवळट आला तर पिवळा वाढवा, हिरवट आला तर मॅजेंटा कमी करा, तांबडा आला तर पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही वाढवा. एका वेळी पाच-दहा अंशच हलवा, आणि चाचणीची पट्टी पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवा, कारण ओला कागद वेगळा दिसतो.

पावसाळ्यात एन्लार्जरवर प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर घाला, लेन्स सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं दिवा लावा.