प्रागमध्ये राहताय, बासरी वाजवता येते? मग आयरिश सेशनला असं जा

इकडे प्रागला नोकरीसाठी आलेल्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच की अरे तू दर आठवड्याला त्या पबमध्ये आयरिश लोकांबरोबर काय वाजवतोस. त्यालाच सेशन म्हणतात, पबच्या टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून आयरिश धुना वाजवायच्या. तर पहिली गोष्ट, त्या टेबलावर आयरिश माणूस असलाच तर एखादा, बाकी सगळे चेक, एखादा जर्मन, एक पोलिश ताई आणि मी. मध्य युरोपात हे वेड जुनं आहे. इथला आसोनान्स हा ग्रुप 1976 पासून स्कॉटिश-आयरिश गाणी चेक शब्दांत गातोय, पोलंडमध्ये 1987 ला कॅरनटूहिल नावाचा बँड निघाला, नाव थेट आयर्लंडच्या सगळ्यात उंच डोंगराचं. आता कोणी तुम्हाला सांगेल की आम्ही मुळात सेल्टच, म्हणजे आयरिश लोकांना ज्यांच्याशी जोडतात त्या जुन्या युरोपीय टोळ्यांचे, बोहेमिया हे नावच बोई नावाच्या सेल्टिक टोळीवरून पडलंय. नावाचं खरं आहे. 1943 साली प्रागच्या पश्चिमेला एका गावात सापडलेलं त्या काळचं मिशीवालं दगडी डोकं पण भारी आहे, जरूर बघा. पण ते बोई लोक काय वाजवायचे ते कुणालाच माहीत नाही, आणि आपण पबमध्ये जे वाजवतो ते बहुतेक गेल्या दोन-तीनशे वर्षांतलं आयरिश नाचाचं संगीत आहे. ते डोक्यातून काढून टाका आणि कामाला लागा.

वाद्य. तुमच्याकडे पांढरी पाचची, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीची बासरी असेल तर अर्धं काम झालंय, हे मला स्वतःला कळायला वर्ष गेलं म्हणून इथे नीट सांगतो. आयरिश मंडळी जिला डी ची व्हिसल म्हणतात, म्हणजे सहा भोकांची उभी धरायची छोटी बासरी, तिची सगळी भोकं बंद केली की डी हा पाश्चात्य सूर वाजतो. आपण बासरीला नाव देतो ते वरची तीन भोकं बंद केल्यावर येणाऱ्या सा वरून, आणि सगळी बंद केली की मंद्र पंचम. पांढरी पाचचा सा म्हणजे जी, त्याचा खालचा पंचम कोणता? डी! म्हणजे सहा बोटं ठेवून जो सूर येतो तो त्यांच्या लाकडी फ्लूटचा सगळ्यात खालचा सूर. सगळी भोकं उघडी ठेवली की आपल्याकडे तीव्र मध्यम, तिकडे सी शार्प, तेच ते. डी मध्ये वाजवायचं असेल तर पंचमाला सा मानून सरळ बिलावल, तीव्र मध्यम आपोआप त्याचा शुद्ध निषाद होतो. जी मध्ये असेल तर नेहमीचा सा, नेहमीचा बिलावल, फक्त मध्यम शुद्ध म्हणजे अर्धं भोक. सेशनमधल्या बहुतेक ट्यून्स या दोन घरांत आणि त्यांच्या शेजारपाजारच्या स्वरांत फिरतात. बस एवढंच.

तरी पण एक साधी पितळी टिन व्हिसल घ्याच, 10-15 युरोला येते. कारण इथल्या हिवाळ्यात हीटर चालू झाला की खोलीतली हवा इतकी कोरडी होते की बांबू तडकतो, माझी एक गेली, रात्री टक्क असा आवाज आला आणि सकाळी बघतो तर फुंकीच्या भोकापासून खाली रेघ. आता बासरीला तेल लावून पिशवीत बंद करून ठेवतो, रेडिएटरपासून लांब. व्हिसलला ही कटकट नाही, फक्त सुरुवातीला सगळे जोरात फुंकतात आणि ती वरच्या सप्तकात किंचाळते. आणि इथे रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ असते, पॅनेलवाल्या, म्हणजे काँक्रीटचे तयार तुकडे जोडून बांधलेल्या बिल्डिंगच्या भिंती पातळ, शेजारच्या आजी दार वाजवायच्या आत रियाज संपवा.

ट्यून पाठ कशी करायची? कानाने, नोटेशन समोर ठेवून सेशनला बसलात तर कोणी हाकलणार नाही पण जरा बघतील तुमच्याकडे. ढाचा सोपा आहे, दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), प्रत्येक भाग दोनदा, झाली एक फेरी 32 बारची. अशा साधारण तीन फेऱ्या आणि मग न थांबता दुसरी ट्यून, मग तिसरी. जिग आणि रील हे दोन प्रकार आधी धरा. जिग म्हणजे सहाचा, आपल्याला वाटतं अरे हा तर दादरा, आणि फसतो इथेच, कारण त्यातल्या तीन-तीनच्या गटात पहिली मात्रा किंचित लांबते आणि मधली चोरल्यासारखी जाते, हे लिहून नाही सांगता येत, पाय आपटत ऐकत बसा. रील म्हणजे आठच्या चालीत पळणारं, केहरव्याचं अंग असलेल्याला लवकर जमतं. पहिली ट्यून म्हणून केश ही जिग घ्या, जी मध्ये आहे आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना येते. व्हिडिओचा स्पीड कमी करून एक-एक ओळ आधी तोंडाने गुणगुणा आणि मगच बोटं लावा.

मींड आवरा. खरंच आवरा. आपला हात आपोआप सुरावरून सुरावर घसरतो, तिथे एखाद्या संथ धुनेत थोडी घेतली तर लोक वाहवा करतात पण रीलमध्ये घसरलात की सगळा चिखल. त्यांचे अलंकार म्हणजे कट, टॅप, रोल, आपल्या कणस्वरासारखे, पण बोटाची नुसती टिचकी, सूर कळायच्या आत संपलेला.

आता बसायचं कसं, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. भजनी मंडळात कसं असतं, गोल बसलेत, एक बुवा उचलतात, बाकीचे घेतात, आणि बाहेरून आलेला कोणी न विचारता पखवाज ओढून बसत नाही. अगदी तसंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तबल्याची हौस म्हणून एकाचा रिकामा पडलेला बाउरॉन उचलला, म्हणजे तो डफासारखा बकरीच्या कातड्याचा, एका काठीने वाजवतात, स्पेलिंगमध्ये मधे डीएच आहे पण उच्चारात नाही, आणि हाताने चांगला द्रुत केहरवा ठोकला. एकजण आधीच दुसरा बाउरॉन वाजवत होता. कोणी काही बोललं नाही, ट्यून संपली, शांतता. मग तिथल्या एका फिडलवाल्या, म्हणजे व्हायोलिनवाल्या काकांनी माझ्यासाठी अर्धा लिटर बिअर मागवली आणि म्हणाले, बाउरॉन एका वेळी एकच, आणि तो कोणाचा आहे ते आधी विचारायचं असतं. लाज वाटली पण त्यांच्या जागी मी असतो तर एवढ्या प्रेमाने नसतं सांगितलं.

तर पहिले दोन-तीन आठवडे नुसतं जाऊन ऐका. टेबलाला लागून असलेली खुर्ची वाजवणाऱ्यांची, आपण एक खुर्ची मागे बसायचं, बोलावलं की पुढे. जी ट्यून येत नाही ती येत असल्यासारखी हळू-हळू वाजवायची नाही, बोटं वाद्यावर ठेवून आवाज न काढता चालवा हवं तर. गिटार पण शक्यतो एकच, दोघांचे कॉर्ड वेगळे पडले की डोकं उठतं. ट्यून बदलायच्या आधी जो लीड करतोय तो भुवया उडवतो नाहीतर हप्प असं ओरडतो, तिकडे लक्ष ठेवा. रेकॉर्डिंग विचारून. आणि वेटर प्रत्येक ग्लासामागे तुमच्या चिठ्ठीवर पेन्सिलने एक रेघ मारतो, ती चिठ्ठी व्हिसलखाली गेली, बिअर सांडून भिजली असं करू नका, हिशोब तिच्यावरच असतो.

तुम्हाला कोणी म्हणेल एखादी तुझ्याकडची वाजव. म्हणतातच. तेव्हा पाच मिनिटांचा आलाप नको, मी एकदा भूप काढला तो छान बसला, कारण त्या पाच सुरांवर उभ्या असलेल्या धुना त्यांच्याकडेही आहेत आणि गिटारवाल्याला लगेच कॉर्ड सापडले.

वर्षभर टिकलात की कोणीतरी बँड काढू या म्हणणारच. फिडल किंवा व्हिसल, एक गिटार, एक बाउरॉन आणि गाणारं कोणीतरी, एवढ्यावर चालतं, पाचवा माणूस घेतलात की रिहर्सलची तारीख जुळत नाही. गाणारं कोणी नसेल तर घाई करू नका पण शोधत राहा, नुसत्या रील ऐकून पबवाल्यांचं गिऱ्हाईक अर्ध्या तासात गप्पांकडे वळतं. कार्यक्रमाच्या तारखा दोन, 17 मार्चचा सेंट पॅट्रिक डे आणि 30 एप्रिलची रात्र, त्या दिवशी चेक लोक गावोगाव होळीसारखा जाळ करून चेटकीण जाळतात आणि आजूबाजूला सेल्टिक नावाचे कार्यक्रम उगवतात. 17 मार्चसाठी पबवाले फार आधीपासून बँड शोधतात, फेब्रुवारीत फोन केलात तर उरलंसुरलं मिळेल. वाजवलेल्या ट्यून्सची यादी आयोजकाला द्यावी लागते, इथे ओसा आणि जर्मनीत गेमा या संस्था संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करतात, जुन्या ट्यूनपुढे पारंपरिक लिहा, पण आधी खात्री करा, कारण दोनशे वर्षं जुनी वाटणारी ट्यून कधी कधी हयात माणसाने केलेली निघते.