रुग्णाच्या उशाशी राखणीला बसताना या चुका टाळा

रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी आणि मामा, जनरल ड्यूटी असिस्टंटचा (रुग्णसेवा सहायकाचा) अभ्यासक्रम करून नव्याने कामाला लागलेली मुले आणि कधी घरचेच नातेवाईक यांच्यावर रुग्णालयात एक काम हमखास येऊन पडते: पडण्याचा धोका असलेल्या, भ्रम झालेल्या किंवा नळ्या ओढणाऱ्या रुग्णाजवळ बसायचे आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही. रुग्ण उठू लागला की त्याला पुन्हा आडवे करणे एवढेच हे काम आहे, अशी समजूत करून घेतल्यामुळे बहुतेक चुका होतात. तो का उठतो आहे हे ओळखणे हा या कामाचा खरा भाग आहे आणि तो सहसा कोणी शिकवत नाही.

कठडे लावून निश्चिंत होणे

रात्री दोन-अडीचच्या सुमारास आजोबा पांघरूण बाजूला सारतात आणि एक पाय कॉटच्या कठड्याकडे नेतात. राखणीला बसलेला मुलगा 'आजोबा, झोपा बरं, उठायचं नाही' असे म्हणून पांघरूण पुन्हा सारखे करतो. पाच मिनिटांनी तोच प्रकार होतो, तिसऱ्या खेपेला मुलाचा आवाज चढतो, पण 'लघवीला लागली आहे का?' हा प्रश्न काही विचारला जात नाही. विशेषतः कॅथेटर (लघवीसाठी आत घातलेली नळी) नुकताच काढला असेल तर लघवी तुंबण्याची शक्यता असते. ज्याला आपली अडचण शब्दांत सांगता येत नाही असा वृद्ध रुग्ण ती हातापायांनी सांगतो. म्हणून जेवणानंतर, झोपण्यापूर्वी आणि रात्री ठरावीक अंतराने स्वतःहून विचारावे आणि भांडे हाताशी ठेवावे.

कठड्यांवर फार विसंबणे धोक्याचे असते, कारण गोंधळलेला रुग्ण ते ओलांडायला जातो आणि सपाट कॉटवरून पडला असता त्यापेक्षा अधिक उंचीवरून खाली येतो. कॉट सर्वांत खालच्या पातळीवर असावी, चाकांना ब्रेक लावलेला असावा, चष्मा आणि कानाचे यंत्र पिशवीत न राहता रुग्णाच्या अंगावर असावे, आणि ज्या बाजूने तो उतरतो त्याच बाजूला आपली खुर्ची असावी. उठवायचे असेल तेव्हा आधी दोन-तीन मिनिटे कॉटच्या कडेला पाय सोडून बसवावे, कारण बराच काळ आडवे राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उभे राहताच घसरतो. संकोचापोटी त्याला स्वच्छतागृहात एकटे सोडून दाराबाहेर थांबणे ही सभ्यता असली, तरी ती तेथे महागात पडते.

भ्रमाशी वाद घालणे आणि शांततेला फसणे

शस्त्रक्रियेनंतर किंवा तापात वृद्धांना अचानक भ्रम होतो, त्याचा जोर संध्याकाळनंतर वाढतो आणि सकाळी तोच रुग्ण अगदी शहाण्यासारखा बोलतो. 'गाडी सुटेल, मला जाऊ दे' म्हणणाऱ्या काकूंना 'कसली गाडी, तुम्ही दवाखान्यात आहात' असे दहा वेळा बजावल्याने त्या फक्त चिडतात. आपले नाव सांगावे, ठिकाण आणि वेळ एकदाच शांतपणे सांगावी, हात हातात घ्यावा आणि विषय घरच्या माणसांकडे वळवावा. मात्र हा 'म्हातारपणाचा चळ' समजून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणे, वेदना, बद्धकोष्ठता यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, म्हणून बदल दिसताच सिस्टरांना सांगावे. याच भ्रमाचे दुसरे रूप निपचित असते: रुग्ण पेंगत राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो, आणि 'आज पेशंट छान झोपला' म्हणून सगळे समाधान मानतात. माझ्या मते आरडाओरड करणाऱ्या रुग्णापेक्षा या रुग्णाकडे अधिक लक्ष हवे, कारण त्याच्याकडे दुसरे कोणी वळून पाहत नाही.

नळ्यांवर स्वतःच इलाज करणे

अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली नळी थोडी बाहेर आली तर ती आत ढकलू नये. टोक श्वासनलिकेत गेले असेल तर पुढचे अन्न फुप्फुसात जाते. सलाईनचा वेग किंवा ऑक्सिजनची कळ फिरवू नये. सलाईनची सुई उपसली गेली तर कापसाने घट्ट दाबून धरावे आणि बेल वाजवावी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता असावी. कॅथेटर आत फुगवलेल्या फुग्याने अडकवलेला असतो, त्यामुळे रुग्णाने तो ओढला तर रक्तस्राव होतो. नळी पांघरुणाखाली नजरेआड ठेवून त्याच्या हाताला टॉवेलची घडी दिली की पुष्कळदा भागते. गिळण्याची तपासणी न झालेल्या अर्धांगाच्या रुग्णाला नातेवाइकांनी प्रेमाने दिलेले चमचाभर नारळपाणीही अडवावेच लागते.

हात बांधणे

हा निर्णय राखणदाराचा कधीच नसतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनेच बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे कमी आहेत म्हणून बांधण्यास मनाई आहे. इतर वॉर्डांतही ओढणीने किंवा गॉजपट्टीने मनगट कॉटला बांधू नये.

जागा सोडणे

स्वतःला इजा करण्याचा धोका असलेल्या रुग्णावर देखरेख असेल तर बदली माणूस प्रत्यक्ष येऊन बसेपर्यंत चहालाही उठू नये, आणि मोबाईल खिशात ठेवावा. त्याने मनातले काही सांगितले तर उपदेश न करता ऐकावे आणि ते सिस्टरांपर्यंत पोहोचवावे. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. ड्यूटी बदलताना 'पेशंट ठीक' एवढेच न सांगता '३.१० ला नळीला दोनदा हात घातला, बोलल्यावर थांबले' असे वेळेसह सांगावे.

पडल्यावर घाईने उचलणे

रुग्ण पडलाच, तर नोकरी जाईल या भीतीने त्याला उचलून गुपचूप कॉटवर ठेवणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण मोडलेले हाड त्याने आणखी सरकते. त्याला आहे तसे राहू द्यावे, जागेवरूनच हाक मारावी, आणि डोक्याला मार लागला असेल किंवा तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर डॉक्टरांना हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ब्युरोला फोन त्यानंतर करावा.