पीएचडीला अमेरिकेला निघालात, आणि जोडीदार एफ-२ वर येतोय?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ओळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतो. ॲडमिशन झालेली असते, फंडिंग मिळालेलं असतं, लग्न झालेलं असतं किंवा मे महिन्यातली तारीख धरलेली असते. जीआरई, एसओपी, व्हिसाचा स्लॉट यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून त्यावर मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते सोबत येणाऱ्या माणसाबद्दल. पीएचडीचं पहिलं वर्ष मला जड गेलंच, पण माझ्या नवऱ्याला ते त्याहून जड गेलं.

आधी नियम नीट समजून घ्या. तुम्ही एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर, आणि जोडीदार एफ-२ वर, म्हणजे त्या विद्यार्थ्यासोबत येणाऱ्याच्या व्हिसावर. एफ-२ वर नोकरी करता येत नाही. कंपनीत नाही, कॅम्पसवरच्या कॅफेत नाही, इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर रोखीनेसुद्धा नाही. वर्क परमिटसाठी अर्ज करण्याची सोयच या व्हिसात नाही. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, नाही, आणि तो नंबर नाही म्हणून बँकेत, लायसन्सच्या ऑफिसात, फोनच्या दुकानात प्रत्येक ठिकाणी एक जादा कागद आणि एक जादा खेप. 2015 पासून एफ-२ वर अर्धवेळ शिकता येतं, पण फी आपल्या खिशातून. पूर्णवेळ डिग्री करायची तर आधी स्वतःचा एफ-१ हवा.

इथे बहुतेकांचा घोळ होतो तो एच-४ मुळे, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसामुळे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेल्या लोकांच्या जोडीदारांना 2015 पासून ईएडी, म्हणजे कामाचं कार्ड, मिळू शकतं. कुणाची तरी मावसबहीण ते कार्ड घेऊन नोकरी करत असते, आणि घरातले सगळे धरून चालतात की आपल्यालाही मिळेल. नाही मिळत. आम्हाला एका कन्सल्टन्सीत सांगितलं होतं, "आधी जाऊ तर द्या, तिकडे गेल्यावर मार्ग निघतो." मार्ग निघत नाही. जोडीदाराचा व्हिसाचा प्रकार बदलला तरच काही बदलतं. जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर जाणाऱ्यांच्या जोडीदाराला जे-२ वर ईएडी मागता येतं, पण काही जे-१ वाल्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. तुमची युनिव्हर्सिटी जे-१ देते का आणि ती अट तुम्हाला लागेल का, हे दोन्ही विचारून घ्या.

"पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून कर, पगार इकडच्या खात्यात, कोणाला कळतंय?" हा सल्ला तुम्हालाही मिळणार. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय याला हात लावू नका. सल्ला देणारा व्हिसाच्या खिडकीपाशी तुमच्या शेजारी उभा नसतो.

माझा नवरा चाकणला टूल डिझाइनमध्ये होता. हाताखाली टीम, सकाळी आठला कंपनीची बस, फोन सतत वाजता. तिथून तो मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावात, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आला. शनिवार-रविवारी बस तासाला एक, गाडी नाही, बाहेर उणे तापमान. मी सकाळी जायची ती रात्री नऊ-साडेनऊला परतायची. क्लासेस, टीएशिपचे, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याचे, आठवड्याचे वीस तास, लॅब रिपोर्टचे गठ्ठे, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि समोर क्वालिफायर, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवायची पात्रता परीक्षा. एका रात्री मी आल्या आल्या बॅग टाकून लॅबमधल्या पंपाबद्दल चिडून बोलायला लागले. त्याने भाकरी तव्यावर उलटली, गॅस बारीक केला आणि म्हणाला, "आज दिवसभरात मी फक्त बस ड्रायव्हरशी बोललो. थँक यू म्हणालो." मग माझं ताट वाढलं.

भांडणं पैशांवरून होतात असं आपल्याला वाटतं. आमच्याकडे ती विषय नसण्यावरून झाली. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढं असायचं की थांबवत नसे, आणि त्याच्याकडे काहीच नसायचं. गाइडच्या एका ईमेलवर घरातली रात्र कशी जाणार हे ठरायला लागलं. त्यात रविवारी व्हिडिओ कॉलवर कुणीतरी विचारणार, "जावई काय करतात सध्या?" नवरा एफ-२ वर असला की हा प्रश्न हमखास येतो. बायको एफ-२ वर असली की कुणी विचारतसुद्धा नाही, तिने घर सांभाळायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. मला ते जास्त वाईट वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एक डेंटिस्ट मुलगी होती, तिला कुणी कधी विचारलं नाही की तुझ्या शिक्षणाचं काय.

यातून वाट निघते. आमची निघाली. त्याने आधी एक-एक कोर्स अर्धवेळ घेतला, त्या प्राध्यापकांशी ओळख झाली, मग मास्टर्सला स्वतः अर्ज केला आणि मुंबईला जाऊन स्वतःच्या नावावर एफ-१ घेऊन आला. वेळ लागला, बचत गेली. पण पहिला कोर्स सुरू झाला त्या आठवड्यातच घरातला आवाज बदलला. कारण त्याला बुधवारी संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं, आणि परत आल्यावर मला सांगायला काहीतरी होतं.

गाइड निवडण्याबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. मोठ्या नावामागे जाऊ नका. त्या ग्रुपमधल्या लग्न झालेल्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोला आणि त्याचा रविवार कसा जातो ते विचारा. ग्रुपमध्ये तसं कुणीच नसेल तर का नाही, तेही विचारा. टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, न मिळालेला तरुण प्राध्यापक तुम्हाला पळवेल, हे खरं, पण तो निदान लॅबमध्ये भेटतो. रोटेशनची, म्हणजे आधी दोन-तीन लॅबमध्ये काम करून बघण्याची, सोय असेल तर पहिल्याच लॅबला होकार देऊ नका.

ऑफर लेटर पुन्हा काढून वाचा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा? नऊचा असेल तर उन्हाळ्यात घरभाडं कशातून जाणार? तुमचा हेल्थ इन्शुरन्स युनिव्हर्सिटी भरत असेल, जोडीदाराचा बहुतेक वेळा भरत नाही, आणि तो महाग असतो. जोडीदाराच्या आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मसाठी, वेगळा निधीही दाखवावा लागतो. बहुतेक युनिव्हर्सिट्या 15 एप्रिलचा संकेत पाळतात, म्हणजे फंडिंगच्या ऑफरला त्याआधी उत्तर देण्याची सक्ती नसते. तोवर हे सगळं ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेलने विचारा. भीड बाळगू नका, विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही.

आणि पीएचडी झेपली नाही तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं. माझ्या बॅचमधले काही जण तसे गेले आणि छान आहेत. संसार मोडेपर्यंत ताणायची ही गोष्ट नाही.

एकत्र निघावं की मागेपुढे, हे मला हमखास विचारतात. शक्य असेल तर पहिलं सेमिस्टर एकट्याने काढा. जोडीदाराने नोकरी सोडू नये. बिनपगारी रजा मिळत असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत येऊन ते गाव, ती थंडी, ते अपार्टमेंट डोळ्यांनी बघून मग ठरवावं. मिडवेस्टमधल्या आमच्या त्या भागात भारताशी फरक साडेदहा तासांचा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेअकरा. तुमची सकाळ ही त्याची जेवणानंतरची वेळ. ती वेळ रोज राखून ठेवा, आणि त्यात लॅबचं बोलणं शेवटी घ्या.