मुंबई बंदरात छोट्या शिडाच्या होड्यांची रेस: क्लब चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

सुट्टीच्या दिवशी वीस-बावीस होड्या पाण्यात उतरवून तीन रेस घ्यायच्या, त्यात बहुतेक ऑप्टिमिस्ट (एका मुलाची छोटी होडी), काही लेझर (एकाच माणसाची, मोठी), एखाद-दुसरी 420 (दोघांची), तर क्लबला नऊ माणसं लागतात. कमिटी बोटीवर (स्टार्टच्या रेषेच्या एका टोकाला नांगरलेली, जिथून रेस चालवतात) चार: रेस ऑफिसर, घड्याळ आणि हॉर्न सांभाळणारा, झेंड्यांचा माणूस आणि नोंदी लिहिणारा. दोन रेस्क्यू बोटींवर दोन-दोन. त्यातली एक बोट मार्कही, म्हणजे होड्यांनी वळसा घालायचे फुगे, टाकते आणि स्टार्टच्या वेळी पिनपाशी, म्हणजे रेषेच्या दुसऱ्या टोकाच्या फुग्यापाशी, उभी राहून रेषेवर नजर ठेवते. नववा माणूस किनाऱ्यावर, रॅम्पपाशी, यादी घेऊन. सातच जण आले तर रेस रद्द करायची गरज नाही, होड्या कमी सोडा. रेस्क्यू बोटीवरची दुसरी जागा मात्र कधीच रिकामी ठेवू नका. एकट्या ड्रायव्हरला बोट सांभाळून पाण्यातला माणूस वर घेता येत नाही.

शिडाचा गंध नसलेले पालक घड्याळ, नोंदी आणि झेंडे ही कामं उत्तम करतात. दोन रविवारांत तयार होतात. पालकाला रेस्क्यू बोट द्यायची असेल तर ज्या गटात त्यांचं मूल नाही त्या गटाची द्या. आपलं मूल उलटलं की नजर तिथेच अडकते आणि बाकीचे अकरा दिसेनासे होतात.

आधी तिथी बघा, मग वारा

मुंबई बंदरात रेसची वेळ वारा ठरवतो असं नवख्यांना वाटतं. वारा बऱ्यापैकी अंदाजात असतो: हिवाळ्यात सकाळी ईशान्येकडून मतलई वारा, दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. तीनच्या सुमाराला तो जोरात असतो. रेस बिघडते ती बहुतेक वेळा पाण्याच्या ओढीमुळे.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथेही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पंचमीला पावणेचारला, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. पण वर्षाचं वेळापत्रक आखताना दिनदर्शिका पुढ्यात ठेवून एवढा हिशोब पुरतो.

त्यातून दुपार कशी जाईल ते कळतं. पौर्णिमा-अमावस्येला दुपारभर ओहोटी, आणि तीही उधाणाची. भरती-ओहोटीच्या सहा तासांतला तिसरा आणि चौथा तास सर्वांत जोराचा, म्हणजे दुपारी सव्वा ते सव्वातीन. अष्टमीला दुपारी भरती चढत असते, पण भांगाची (लहान भरती-ओहोटीची), ओढ मवाळ. नवशिक्या मुलांच्या रेस अष्टमीच्या जवळच्या रविवारी ठेवा. एकादशी-द्वादशीला तीनच्या सुमारास पाणी पूर्ण ओसरून क्षणभर थांबतं. मोठ्यांच्या रेसला चांगलं, पण रॅम्पच्या तळाशी गाळ उघडा पडतो आणि ट्रॉलीची चाकं रुततात. त्या दिवशी होड्या लवकर उतरवा आणि पाणी चढायला लागल्यावरच वर घ्या.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंदरात छोट्या होड्या सोडायच्या नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून शेवटचा स्टार्ट सव्वाचारनंतर देऊ नका.

नांगर आणि मार्क

खोली मोजताना त्या वेळचं पाणी न धरता भरतीचं पाणी धरा. ओहोटीत सहा मीटर खोलीवर टाकलेला मार्क उधाणाच्या भरतीत दहा मीटरवर असतो. दोर आखूड असेल तर नांगर उचलला जातो आणि मार्क चालू लागतो. कमिटी बोटीला खोलीच्या निदान पाचपट दोर सोडा, मार्कला तिप्पट. मार्कच्या नांगराला दोन-तीन मीटर साखळी हवीच. तळाला गाळ असल्यामुळे चार आकड्यांचा घडीचा नांगर घसरत जातो. रुंद पात्यांचा छोटा नांगर गाळ धरतो.

जादा सोडलेला दोर पाण्यावर तरंगला की डॅगरबोर्डात (होडीखालच्या उभ्या फळीत) आणि सुकाणूत अडकतो. मार्कपासून दोन-तीन मीटर खाली दोराला किलो-दोन किलोचं वजन लटकवा. दोर उभा राहतो, मुलं मार्क घासून गेली तरी अडकत नाहीत.

वाऱ्याची दिशा एकदा बघून कोर्स लावू नका. स्टार्टच्या तासभर आधीपासून दर पाच मिनिटांनी कंपासवर नोंद घ्या आणि मधला आकडा धरा. ऑप्टिमिस्टसाठी वरचा (वाऱ्याकडचा) मार्क पाचशे-सहाशे मीटरवर ठेवून बघा. पहिली होडी तिथे आठ-दहा मिनिटांत पोचली तर कोर्स बरोबर आहे. पंधरा मिनिटं लागली तर पुढच्या रेसला मार्क खाली आणा. क्लबच्या रेसला तीस-चाळीस मिनिटं भरपूर झाली. त्याहून लांबली की शेवटची मुलं कंटाळतात आणि रेस्क्यू बोटींना त्यांच्यामागे दूरवर थांबावं लागतं.

स्टार्टची रेषा होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी गुणिले दीड. ऑप्टिमिस्ट साधारण 2.3 मीटर, म्हणजे वीस होड्यांना सत्तर मीटर. लेझर 4.2 मीटर, पंधरा होड्यांना पंचाण्णव मीटर. रेषा आखूड ठेवली तर कमिटी बोटीपाशी ढकलाढकली होते, फार लांब ठेवली तर रेषेचा मधला भाग कोणालाच नीट दिसत नाही आणि तिथल्या होड्या लवकर सुटतात.

आता पाण्याची ओढ रेषेशी जोडा. बंदरात भरतीचं पाणी उत्तर-ईशान्येकडे जातं, ओहोटीचं दक्षिण-नैर्ऋत्येकडे. दुपारी वारा वायव्येकडून असताना भरती होड्यांना रेषेच्या वर आणि कमिटी बोटीकडे ढकलते. मुलं वेळेआधी रेषा ओलांडतात, कमिटी बोटीवर आदळतात. अशा दिवशी कमिटी बोटीच्या मागे आठ-दहा मीटरवर एक छोटा फुगा बांधा, म्हणजे बोट आणि फुगा यांच्यामधून कोणी घुसणार नाही. तो सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (रेसच्या लेखी सूचनांमध्ये) लिहिलेला असावा. ओहोटीत उलट होतं: होड्या रेषेच्या खाली आणि पिनकडे वाहतात, स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने घेऊन) पिन गाठता येत नाही, सगळे तिथे साचतात. पिन थोडी खाली घ्या. वारा चार नॉटच्या आत आणि उधाणाची ओहोटी असेल तर स्टार्ट देऊच नका, होड्या रेषेपर्यंत येणार नाहीत.

स्टार्टची पाच मिनिटं

पाच मिनिटं आधी क्लासचा (त्या प्रकारच्या होडीचा) झेंडा वर, एक हॉर्न. चार मिनिटं आधी तयारीचा झेंडा वर, एक हॉर्न. एक मिनिट आधी तयारीचा झेंडा खाली, एक लांब हॉर्न. शून्याला क्लासचा झेंडा खाली, एक हॉर्न. वेळ झेंड्यावर मोजली जाते, हॉर्न वाजला नाही तरी स्टार्ट वैध असतो. म्हणूनच झेंड्यांच्या माणसाने हॉर्नची वाट बघायची नाही. घड्याळवाला मोठ्याने "तीन, दोन, एक, झेंडा" म्हणतो आणि हात त्या शब्दावर हलतो.

तयारीचा झेंडा कोणता, हा निर्णय पाण्याची ओढ बघून घ्या. ओढ नसेल तर पी, निळ्यावर पांढरा चौकोन. भरती ढकलत असेल तर आय, पिवळ्यावर काळा गोल. आय असताना शेवटच्या मिनिटात जो रेषेच्या वर गेला त्याला एखाद्या टोकाला वळसा घालून खाली यावं लागतं. मुलांना हे एकदा किनाऱ्यावर चालून दाखवा, तोंडी सांगून कळत नाही. तरीही ऐकत नसतील तर यू, लाल-पांढऱ्या चौकटींचा. काळा झेंडा क्लबच्या रेसमध्ये वापरू नका. ज्याला रेसमधून काढलं ते मूल घरी जाऊन पुढच्या रविवारी येत नाही.

एक-दोन होड्या आधी सुटल्या आणि त्यांचे नंबर दिसले तर लगेच एक्स, पांढऱ्यावर निळं अधिकचं चिन्ह, आणि एक हॉर्न. "लगेच" म्हणजे दोन-तीन सेकंदांत. दहा सेकंदांनी एक्स लावला तर होड्या वाऱ्यात पुढे निघून गेलेल्या असतात, कोणी वळत नाही आणि मग तक्रारी येतात. ज्या होड्यांना परत यायचंय त्या सगळ्या खाली आल्या की एक्स उतरवा. आल्या नाहीत तरी चार मिनिटांनी उतरवायचा. अर्धा ताफा वर गेला असेल आणि नंबर वाचता येत नसतील तर पहिला सब्स्टिट्यूट, निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण, दोन हॉर्न, आणि पुन्हा सुरुवात. तो उतरवल्यावर एका मिनिटाने पुढचा पाच मिनिटांचा इशारा.

वारा फिरतोय, मार्क हलला, घड्याळवाल्याची नजर चुकली, फेरी मधून जातेय, अशा वेळी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एपी लावून पुढे ढकला, दोन हॉर्न. वाईट स्टार्ट देण्यापेक्षा एपी केव्हाही बरा. गेटवेहून एलिफंटा आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचचा मार्ग कोर्समधून जाऊ देऊ नका. तिच्या लाटेत एकाच वेळी चार ऑप्टिमिस्ट पाण्याने भरतात.

रेस्क्यू बोट

बोटीत असावं ते: इंजिनची किल कॉर्ड (ड्रायव्हर पडला की इंजिन बंद करणारी दोरी) आणि एक जादा, दातेरी सुरी, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा तरंगणारा पंधरा मीटर दोर, नांगर, वल्हं, व्हीएचएफ रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, उन्हासाठी पाणी, दमलेल्या मुलाला गुंडाळायला कोरडं काहीतरी. किल कॉर्ड पायाला बांधल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. हा नियम जुन्या ड्रायव्हरलाच सर्वांत आधी लागू करा, कारण तोच विसरतो.

होडी उलटली की पहिलं काम डोकी मोजायचं. दोन दिसली पाहिजेत आणि एकच दिसतंय, तर दुसरं शिडाखाली आहे. थेट तिथे जा, शीड टोकाला उचला, उचलत नसेल तर कापा. शिडाची किंमत नंतर बघू. दोन्ही डोकी दिसत असतील तर थांबा, मुलांना स्वतः उभी करू द्या. जवळ जाताना नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, जा. मागच्या बाजूला शीटचे (शीड ओढायचे) दोर पाण्यात पसरलेले असतात, ते प्रोपेलरमध्ये गेले की तुम्हीच रेस्क्यूची वाट बघत बसाल. हाताच्या अंतरावर माणूस आला की इंजिन बंद.

उथळ पाण्यात 420 पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात घुसतं. जोरात आडवं ओढू नका, काठी वाकते. मुलांना होडीवरून उतरवा, होडी ज्या दिशेला वाहत होती त्याच्या उलट दिशेने हळू आणि सतत ओढा, म्हणजे काठी जशी शिरली तशीच निघते.

ऑप्टिमिस्ट उतरवण्याआधी तीन गोष्टी हाताने तपासा, नुसत्या डोळ्यांनी चालणार नाही. हवेच्या तिन्ही पिशव्या दाबून बघा. उपसायचा डबा होडीला बांधलेला आहे ना? आणि डोलकाठीला अडकवलेली बारीक दोरी. ही दोरी नसेल तर होडी उलटताना काठी खाचेतून निसटते, आणि ती निसटली की खाच फाटते. पुढचा ओढायचा दोर तरंगणारा, किमान पाच मिलिमीटर जाड आणि आठ मीटर लांब हवा. ओढून आणताना डॅगरबोर्ड वर, मूल मागे बसलेलं, होड्या एकामागे एक.

मोजदाद

रॅम्पपाशी एक फळी, तिच्यावर नंबर घातलेल्या पितळी किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या. उतरणारा चकती घेऊन जॅकेटला लावतो, परतल्यावर स्वतःच्या हाताने परत अडकवतो. मित्राने अडकवायची नाही. किनाऱ्यावरचा माणूस प्रत्येक रेसच्या आधी कमिटी बोटीला आकडा सांगतो आणि तिथे मोजलेल्याशी जुळवतो. मधेच घरी परतलेल्या मुलाची चकती न लागल्यामुळे संध्याकाळी तासभर रिकामं पाणी शोधत फिरावं लागतं. आणि खरंच कोणी राहिलं असेल तर तो तास वाया गेलेला असतो. फळी पूर्ण भरेपर्यंत एकही रेस्क्यू बोट वर घ्यायची नाही.

निकाल

फिनिशला एक जण नंबर ओरडतो, दुसरा लिहितो, फोनवर आवाज मुद्रित होत असतो. सात-आठ होड्या एकदम आल्या तर क्रम आधी, वेळ नंतर. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. न पोचलेल्या किंवा आधी सुटून परत न आलेल्याला नोंदलेल्या होड्यांच्या संख्येहून एक जास्त. वेगवेगळ्या प्रकारच्या होड्या एकत्र धावल्या तर लागलेल्या वेळेला हजाराने गुणून होडीच्या यार्डस्टिक नंबराने (त्या प्रकारच्या होडीच्या वेगासाठी ठरवलेल्या आकड्याने) भागा: 1100 नंबरच्या होडीची 44 मिनिटं म्हणजे 40.

सहा मीटरहून लहान होडीला प्रोटेस्टसाठी (दुसऱ्या होडीने नियम मोडल्याच्या तक्रारीसाठी) लाल झेंडा लागत नाही, "प्रोटेस्ट" असं लगेच ओरडणं पुरतं. इन्स्ट्रक्शन्समध्ये तक्रार देण्याची मुदत लिहिली नसेल तर शेवटची होडी पोचल्यापासून दोन तास मिळतात. क्लबने ती एक तास लिहावी, नाहीतर तक्रार ऐकणाऱ्या समितीतले तिघे अंधार पडेपर्यंत अडकतात.

होड्या, साखळ्या आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवा, झेंडे वाळवून गुंडाळा. मग वहीत पुढच्या ड्यूटीवाल्यासाठी तीन ओळी: पेट्रोल किती उरलं, कोणत्या मार्कची हवा जाते, कोणता दोर झिजलाय.