इस्रायल-पॅलेस्टाइनवर प्रबंध लिहिताय? आधी जबाबदारी कोणाची ते लिहा

आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करताना इस्रायली-पॅलेस्टिनी शांततेची आंतरराष्ट्रीय जबाबदारी हा विषय घ्यावासा वाटतोय, असं सांगणारे बरेच जण भेटतात. जरूर घ्या. १९४८ ची इस्रायलची स्थापना, १९६७ चं युद्ध, १९९३ चा ऑस्लो करार हे तुम्हाला माहीत असणारच, ते इथे उगाळत नाही.

मला सगळ्यात जास्त रखडवलं ते एका वाक्याने : ‘आंतरराष्ट्रीय समुदाय अपयशी ठरला.’ हे वाक्य लिहिलं की पुढे लिहिण्यासारखं काही उरतच नाही, कारण असा समुदाय कुठेही मतदान करत नाही, सैन्य पाठवत नाही, पैसेही देत नाही. हे सगळं करणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा असतो. १९४७ चा पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव १८१ संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा, म्हणजे शिफारस. (३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, भारत विरोधात होता.) १९६७ च्या युद्धानंतर व्याप्त प्रदेशातून माघार आणि शांतता यांबद्दल केलेला ठराव २४२ सुरक्षा परिषदेचा, आणि परिषदेचे निर्णय सनदेच्या कलम २५ प्रमाणे सदस्य देशांनी पाळायचे असतात. पण परिषदेत पाच देशांकडे नकाराधिकार आहे. २०१६ चा ठराव २३३४ मंजूर झाला तो अमेरिका तटस्थ राहिली म्हणून. त्यात व्याप्त प्रदेशातल्या इस्रायली वसाहती बेकायदा ठरवून परिषद थांबली नाही. इस्रायल आणि १९६७ पासून व्याप्त असलेला प्रदेश यांत आपल्या व्यवहारात फरक करा, असं तिने सगळ्या देशांना सांगितलं. ही जबाबदारी नेमक्या पत्त्यावर पाठवलेली आहे. तुमच्या प्रबंधाला असेच पत्ते शोधायचे आहेत.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं १९ जुलै २०२४ चं सल्लागार मत. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने ठाण मांडून राहणं बेकायदा आहे, हे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. बातम्या तिथेच संपल्या. शेवटची कलमं वाचा. इस्रायलने काय करायचं, इतर सर्व देशांनी कशाला मान्यता द्यायची नाही आणि कशाला मदत करायची नाही, आंतरराष्ट्रीय संघटनांनी काय करायचं, महासभा आणि सुरक्षा परिषदेने कशाचा विचार करायचा, हे तिथे वेगवेगळं मांडलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात महासभेने इस्रायलला तिथून निघण्यासाठी बारा महिन्यांची मुदत घालणारा ठराव केला तेव्हा भारत तटस्थ राहिला. भारताचं १९४७ चं मत आणि ही तटस्थता शेजारी ठेवली तरी एक आख्खं प्रकरण होईल.

स्पष्टच सांगतो, क्लासच्या नोट्स आणि तासाभराचे व्हिडिओ यांवर हा विषय उभा राहत नाही. ठराव २४२ जेमतेम एका पानाचा आहे, तो मुळातून न वाचता त्यावर दहा पानं लिहिणारे पाहिले आहेत. ‘दोन्ही बाजू समसमान मांडा’ एवढंच सांगणारा मार्गदर्शक मिळाला तर सावध व्हा. समतोल परिच्छेद मोजून येत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने केलेल्या हत्या आणि ओलीस ठेवणं, आणि त्यानंतर गाझातल्या नागरिकांचे मृत्यू, यांना युद्धाच्या कायद्याची एकच कसोटी लावा. माझ्या मते यासाठी इतिहास किंवा कायदा शिकवणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

अरबी किंवा हिब्रू येत नसेल तर थेट लोकांच्या भावनांवर दावे करू नका. पण त्यामुळे विषय सोडायचंही कारण नाही. पॅलेस्टाइन प्रश्नावरची संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं इंटरनेटवर मोफत आहेत, ती नांदेडमध्ये बसून वाचता येतात. न्यायाधीशांची भिन्नमतंही वाचा. तुमच्या युक्तिवादाला खरा विरोध तिथे सापडेल.

नोकरीचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. घरची सोय नसेल तर त्या भरवशावर कर्ज काढू नका. ठराव बारकाईने वाचायची सवय मात्र पत्रकारितेत, वकिलीत, धोरण-संशोधनात कामाला येते.

मृतांचे अहवाल रात्री वाचत बसू नका. झोप उडते, आणि दुसऱ्या दिवशी लिहिलेलं पान रागाचं असतं. मी ती वाचनं सकाळी ठेवली आणि दुपारी ठरावांची मतमोजणी लिहीत गेलो. सुरुवात २३३४ पासून करा, तिथून मागे जा.