दुधाची दाढ खोल किडलीय? या चुका टाळा

“डॉक्टर, दुधाचीच दाढ न्हवं? पडणारच हाय की!” कोल्हापुरात मुलांचे दात तपासताना हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. पडणार हे खरं, पण कधी? पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडतात, मागच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. ५ वर्षांच्या पोराची दाढ किडली, तर तिला अजून कितीतरी वर्षं भाकरी चावायची असते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही धरून ठेवायची असते.

दुखायचं थांबलं म्हणून घरी बसणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. पन्हाळ्याकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. “महिनाभर रात्रीचा रडायचा, मग आपोआप राहिलं.” मी गाल जरा बाजूला केला, तर दाढेखाली हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळट पुळी. बोटानं हलकं दाबलं तर पू आला. दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती, म्हणून ठणका थांबला होता. एक्स-रेमध्ये दोन मुळांच्या मधलं हाड झिजलेलं दिसलं. ती दाढ काढावी लागली. ठणका सुरू झाला तेव्हाच आणली असती, तर बहुधा वाचली असती.

म्हणून येताना दुखण्याची नीट आठवण करून या. गोड किंवा गार लागल्यावर कळ येते आणि लगेच जाते, की काही न खाता मूल रात्री झोपेतून उठतं? पहिल्यात नस बहुतेक वाचते, दुसऱ्यात ती सहसा हाताबाहेर गेलेली असते. उपचार बराचसा यावरच ठरतो.

एक्स-रेला नको म्हणणं

दोन दाढांच्या फटीतली कीड वरून दिसतच नाही. दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ आणि नस मोठी, त्यामुळे बाहेर बारीक ठिपका असला तरी आत पोखरलेलं असू शकतं. दाताच्या एक्स-रेचे किरण अगदी थोडे असतात.

“कीड अर्धवटच काढली” म्हणून दवाखाना बदलणं

नस जिवंत असेल, तर तिच्या अगदी जवळचा मऊ थर आम्ही मुद्दाम ठेवतो आणि वरून घट्ट बंद करतो. सगळं खरवडलं तर नस उघडी पडते. कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, तर पल्पोटॉमी करतो: वरची नस काढून औषध ठेवायचं, मुळांतली जिवंत राहू द्यायची. मुळांतलीही खराब असेल, तर पूर्ण साफ करून विरघळणारं औषध भरतो, कारण दुधाच्या दाढेची मुळं पुढे झिजणार असतात.

त्यानंतर स्टीलची टोपी बसवायला या. दुखणं थांबलं की बरेच पालक येतच नाहीत आणि दाढ फुटते किंवा आत पुन्हा जंतू शिरतात. टोपी दाढेबरोबरच पडते. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी तार लागेल का ते विचारा. शेजारचे दात सरकले की पक्का दात वाकडा येतो.

घरचे इलाज

लवंग तेलाचा बोळा, मशेरी, गोळीची पूड यातलं काहीही दाढेत भरू नका. हिरडी भाजते, शिवाय मशेरी म्हणजे तंबाखूच. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. त्यानं दाढेतली कीड जात नाही. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन मुळीच नाही. गाल सुजून ताप आला, डोळा मिटू लागला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा.

दुधाचं कौतुक आपल्या कोल्हापूरला आहेच, पण साखर घातलेली बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका. काकवी-गूळ जेवणाबरोबर द्या, दिवसभर चघळायला नको. ७-८ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करा. फ्लोराइडची पेस्ट ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी.

आणि मूल ६ वर्षांचं झालं की त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोबाईलच्या उजेडात मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावा दिसला तर तो दुधाचा नाही. कुठलाही दात न पडता मागून आलेली ती पक्की दाढ असते.