टॅबलेटवर पेनड्राइव्ह उघडेना

जळगाव, भुसावळ, रावेर अशा फेरीला हल्ली मी लॅपटॉप नेत नाही. टॅबलेट आणि त्याला पेनड्राइव्ह जोडायची ओटीजी केबल पुरते. रावेरला केळीच्या एका व्यापाऱ्याने वर्षाचा हिशेब पेनड्राइव्हवर दिला, तर टॅबलेट म्हणतो, ‘फॉरमॅट करा’. ते चुकूनही दाबू नका, सगळा हिशेब जाईल! ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइली साठवायच्या पद्धतीत होता आणि बरेच अँड्रॉइड टॅबलेट तो वाचत नाहीत. शेठच्याच कॉम्प्युटरवर फाइली बाजूला काढल्या, ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केला, फाइली परत टाकल्या. लगेच उघडला. तुमचा टॅबलेट एक्सफॅटलाही नाही म्हणाला तर फॅट ३२ करा, फक्त त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. आणि हो, आमच्याकडच्या मे महिन्यात टॅबलेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फार तापला की चार्जिंगच थांबतं.